हात कुठून घालायचा?

आमचे शेजारी दिगंबरराव ओव्हरसियर कुणाच्याही घरी गेले की नमस्काराआधी मोरी पाहायचे. नळ, पाइप, गटाराचं झाकण यांची विचारपूस झाली की मग माणसांची.

दाल बाजाराजवळ एका डॉक्टरांनी नवं घर बांधलं आणि सगळे पाइप भिंतीत गडप केले. वास्तुशांतीला मंडळी कौतुक करत होती. दिगंबररावांनी भिंतीवर टकटक केलं. "सुंदर आहे. पण उद्या बिघाड झाला तर हात कुठून घालायचा?" डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. पुढे ती भिंत फोडावी लागली, आणि फोडताना हे बोलावल्यासारखे हजर.

त्यांच्या स्वतःच्या, मुरारात आमच्या शेजारच्याच घराची सगळी आतडी बाहेर होती. पाइप उघडे, प्रत्येक कॉक कमरेच्या उंचीवर. त्यांच्या पत्नीचे, म्हणजे आमच्या काकूंचे, गुडघे अधू, त्यांना ना वाकणं जमे ना चढणं. "घर मरम्मतीला सोपं पाहिजे, देखाव्याचं काय करता?" असं ते सगळ्यांना ऐकवत.

मग राज्यांची फेररचना झाली. राजधानी आमच्या गावातून भोपाळला गेली आणि तिच्यामागून दिगंबररावांचं सरकारी दफ्तरही. तिथे क्वार्टर मिळेना, म्हणून काकू एकट्या मागे राहिल्या. आम्हाला घोर लागला. निघताना दिगंबरराव एवढंच म्हणाले, "फिकीर नको. तिचा हात सगळीकडे पोहोचतो."

आणि खरंच पोहोचत होता. नळ गळतोय असं कळून मी पान्हा घेऊन धावलो, तर काकूंनी उभ्याउभ्या वायसर बदलून टाकलेला. वर मलाच चहा. माझा जीव भांड्यात पडला.

चहा पिताना वर पाहिलं, तर टाकी धुताना उघडायचा कॉक पार छताजवळ. शिडीशिवाय हात पोहोचणं शक्यच नव्हतं. या घरात, आणि अशी चूक?

"काकू, मिस्त्री बोलावून हा खाली घेऊ या का?"

"राहू द्या," काकू कपाकडे बघत म्हणाल्या. "खालीच होता तो. जायच्या आदल्या दिवशी ह्यांनी स्वतः वर चढवला. म्हणाले, टाकी महिन्याला धुवावी लागते, ती मी येऊन धुईन."

मला फार बरं वाटलं.

महिन्याचा वायदा करून गेलेले दिगंबरराव पंधरवड्यातच आमच्या दारात उभे. आमच्या मोरीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"जरा शिडी द्या," ते म्हणाले. "टाकी फार जल्दी मैली होते."