मोटारखाना आवरला त्याची गोष्ट

मांडणी करावी तर मीच! उभा जन्म ड्रॉइंग मास्तरकीत गेला, खडूसुद्धा कधी तिरपा ठेवला नाही. तेव्हा मलकपेठेतल्या आमच्या घराचा मोटारखाना एका रविवारात लख्ख करायचा, असं मी ठरवलं. मोटार नव्हतीच. भाषेवार आमच्या राज्याची वाटणी झाली, सरकारी नोकरीतला मुलगा मुंबई राज्याच्या वाट्याला आला आणि मोटार, सून, नातवंडं सगळं घेऊन औरंगाबादला गेला. बायको तर आधीच वारलेली. मागं उरलो मी आणि हत्यारांचा ढीग. घर इतकं सुनं, की घड्याळाला किल्ली देतानासुद्धा सोबत मिळाल्यासारखं वाटायचं.

बेत झकास होता. भिंतीवर मोठी फळी ठोकायची, तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवायची आणि त्या त्या आकृतीवर ते ते हत्यार टांगायचं! म्हणून पाने, जॅक, कुदळ सगळं अंगणात काढलं. कप्पे करायला रिकामी खोकी आणली, तीही तिथंच रचली.

इथंच घोटाळा झाला! त्या साली आमच्या गल्लीत मराठी माणसाच्या अंगणात खोकी दिसली की अर्थ एकच. बदलीचा हुकूम आला, बिऱ्हाड हललं!

पहिले आले शेजारचे मोहसिनसाब. हातात माझी करवत.

"केशवराव, बगैर बोले जारे क्या मियाँ? ये लो तुमारी आरी!"

"अहो, पण मी..."

त्यांनी मला मिठीच मारली! मुलगा गेल्यापासून कुणी असं जवळ घेतलं नव्हतं. मीही त्यांची पाठ थोपटत राहिलो आणि वाक्य पुरं करायचं राहूनच गेलं.

मग रांगच लागली. कुणी पक्कड परत आणली, कुणी रंधा. समोरचे हिम्मतराव हातोडी घेऊन आले आणि मागून त्यांच्या सुशीलाबाई दशम्या नि शेंगदाण्याची चटणी बांधून आल्या.

"वाटेत खा बरं भावजी. लेकाकडं जायलात, बरं झालं. एकट्यानं किती दिवस काढावेत माणसानं?"

"वहिनी, ऐका तरी!"

"काही बोलू नका, मला रडू यायलंय!"

गळ्यात झेंडूचा हार पडला. हिम्मतराव खोक्यावर चढून माझ्या गुणांवर बोलले. त्यातले निम्मे गुण मला नवीनच होते! खरं सांगतो, कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. मी हार नीट केला आणि ऐकत राहिलो.

"गाडी कित्ते बजे की है?" मोहसिनसाबनी विचारलं.

"गाडी? मी कुठं जातोय! मोटारखाना आवरतोय!"

सुशीलाबाईंनी दशम्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"घरातलं सगळं दूध दशम्यांत घातलं की हो! आता चहा काय कोरा प्यायचा?"

सगळे खो खो हसले आणि आपापल्या घरी गेले.

संध्याकाळपर्यंत फळी भरली. एकही आकृती रिकामी नाही! मी खुर्ची टाकून कौतुकानं बघत बसलो आणि मग कुठं माझी चूक ध्यानात आली. करवत परत मागायला म्हणून मी मोहसिनसाबकडं जायचो. चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या आणि करवत तिथंच विसरून यायचो. हातोडीसाठी हिम्मतरावांकडं तसंच. आता सगळं परत आलं. कुणाच्या दारात काय निमित्तानं उभं राहायचं?

पंधरवड्यानं हिम्मतराव स्वतःच आले.

"केशवराव, हातोडी द्या हो. नांदेडचा हुकूम आला. खोकी ठोकायचीत."

मीच हातोडी घेऊन गेलो आणि त्यांच्या संसारावर एकेक खिळा मारत बसलो. शेवटचं खोकं भांड्यांचं. सुशीलाबाई आत वळल्या तशी मी हातोडी गुपचूप पातेल्यात सरकवली! आता ती मागायला नांदेडला जाणं आलंच. मुक्कामही आला. खुशीत झाकण बसवलं, खिळा धरला, हात पुढं केला आणि...

"अहो, हातोडी कुठाय?" हिम्मतराव म्हणाले. "आत्ता तर तुमच्या हातात होती!"

"होती खरी," मी मान खाली घालून म्हणालो.

"थांबा, मोहसिनसाबकडून आणतो."

"तुम्ही बसा!" मी टुणकन उठलो. "मी जातो मागायला!"

मोहसिनसाबकडं हातोडी नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. चहा मात्र असतो.