ताईच्या गाडीला क्ले

गाडी धुणारे घरोघरी असतात. पण गाडी खरोखर स्वच्छ करणारा माणूस शंभरात एखादा, आणि त्या रविवारी सकाळी साडेआठ वाजता आमच्या इमारतीच्या आवारात तो एखादा मी होतो!

गाडी माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. गाडी ताईची. मागच्या वर्षी आमच्या वडिलांचं, अप्पांचं, खुब्याचं हाड मोडलं आणि नेमकं त्याच महिन्यात ताईला दुसऱ्या गावच्या कॉलेजात शिकवायला जावं लागलं. माझी ताई दातांची डॉक्टर आहे. जाताना तिनं गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि अप्पांना आठवड्यातून तीनदा व्यायामोपचाराला न्यायचं, एकही दिवस चुकवायचा नाही, असं बजावलं. किल्ली सोडायला मात्र तिला जरा वेळ लागला. पस्तीस वर्षांपूर्वी मी तिची नवी सायकल एका संध्याकाळपुरती मागून घेतली होती आणि परत आणली होती ती खांद्यावरून.

"एक ओरखडा दिसता कामा नये, छोट्या," ती म्हणाली. मी शेहेचाळीस वर्षांचा आहे, पण घरात अजून छोट्याच आहे.

त्या गाडीचे उपकार काय सांगू! पहिल्या दिवशी अप्पांना मी आणि बायकोनं उचलून मागच्या सीटवर ठेवलं होतं. अकरा महिन्यांनी ते काठी टेकत स्वतः दार उघडून बसायला लागले. आता ताई परत येत होती, त्याच रविवारी दुपारी चार वाजता, आणि गाडी परत करायची होती. आमच्या घरात नुसतं "आभारी आहे" म्हणणं कोणाला जमत नाही. आम्ही काहीतरी करून दाखवतो, आणि घोटाळा तिथंच होतो.

मी गाडीला क्ले लावायचं ठरवलं. ही विद्या मला ऑफिसातल्या स्टोअरकीपरनं दिली. त्याचं म्हणणं असं, की साबणानं धुतलेली गाडी म्हणजे फक्त तोंड धुतलेला माणूस. डांबराचे शिंतोडे, झाडाचा चीक, ब्रेकमधून उडालेला लोखंडाचा भुगा हे सगळं रंगाला घट्ट चिकटून बसतं आणि पाण्याला दाद देत नाही. त्यासाठी क्लेचा, म्हणजे कणकेसारख्या मऊ, चिकट मातीचा गोळा लागतो. बुळबुळीत पाणी फवारायचं, गोळा चपटा करून हलक्या हातानं पुढे-मागे फिरवायचा, की सगळी घाण तो आपल्या पोटात घेतो. खात्री करायची असेल तर हात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रंगावरून फिरवायचा, म्हणजे बारीकसारीक खरखरही कळते.

मी पिशवी घालून गाडीभोवती फेरी मारली. चांगलीच खरखर होती. वॉचमननं लांबूनच हाताला काही लागलंय का विचारलं. मी म्हटलं, हाताला नाही, गाडीला लागलंय. तो दोन पावलं मागे सरकला.

बॉनेट अर्ध्या तासात झालं. काय सांगू तुम्हाला! निळा गोळा काळा पडला आणि पांढरं बॉनेट असं गुळगुळीत झालं, की वर ठेवलेलं फडकं आपोआप घसरून खाली पडलं. मी ते तीनदा ठेवून पाहिलं.

आणि मग घरच्यांची माया सुरू झाली. आमची लेक चहा घेऊन आली. एरवी रविवारी अकराच्या आत तिचं दर्शन होत नाही. बाबा, तुम्ही किती दमलाय, डावीकडचं मागचं दार राहू द्या, ते स्वच्छच आहे, असं म्हणाली. पाठोपाठ बायको आली. मागच्या बंपरसाठी वाकावं लागेल, तुमची कंबर आधीच नाजूक, बंपर कोण बघतंय, असं तिचं म्हणणं. वीस वर्षांत माझ्या कंबरेची एवढी चौकशी झाली नव्हती! अप्पा तळमजल्यावरच्या आमच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस, दुसऱ्याचं काम बघत बसायला त्यांना फार आवडतं. मी पुढच्या उजव्या चाकाच्या वरचा पत्रा घासायला घेतला तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकून बघत राहिले. मी तिथे दोनदा गोळा फिरवला. अप्पा समाधानानं मागे टेकले.

माझे डोळे भरून आले. अशी माणसं मिळायला भाग्य लागतं. यांच्यासाठी डावं दार आणि बंपर तर आणखी मन लावून घासायचं, असं मी ठरवलं.

त्या भरात गोळा हातातून निसटला आणि जमिनीवर पडला. मी उचलला, फुंकर मारली, पँटला पुसला आणि डाव्या दाराला लावला. चार हात फिरवले आणि थिजलोच. जिथे मघाशी स्वच्छ पांढरा रंग होता तिथे वीतभर लांब राखाडी ओरखडा होता!

गोळा नाही, मी दगड फिरवला होता बहुतेक. तरी मनाची समजूत घातली, गोळ्याची घडी घालून आतली बाजू बाहेर काढली आणि बंपरवर अगदी हळू, बाळाच्या पाठीवरून हात फिरवावा तशी फिरवली. तिथे एकाच्या जागी तीन ओरखडे उठले.

मी स्टोअरकीपरला फोन केला. त्यानं एकच प्रश्न विचारला: गोळा खाली पडला होता का? मी म्हटलं, जरासा. मग म्हणाला, पडलेला गोळा सरळ फेकून द्यायचा असतो, त्यात खडे बसतात, हे लहान मुलालासुद्धा कळतं. लहान मुलाला मी विचारलं नव्हतं आणि स्टोअरकीपरनं मला सांगितलं नव्हतं.

आता उपाय एकच. गाडी भिंतीला इतकी खेटून लावली की डावं दार कोणाला दिसू नये, आणि बंपरवर ओला टॉवेल वाळत घातला. अकरा महिने जपलेली गाडी मी शेवटच्या साडेसात तासांत खराब केली होती, तीही आभार मानायच्या नादात. ताई यापुढे मला टाचणीसुद्धा देणार नाही, असं वाटलं आणि खरंच रडू आलं.

ताई चारला यायची होती. ती साडेबाराला आली. बॅग खांद्याला तशीच ठेवून तिनं बॉनेटवर तळवा फिरवला आणि मला विचारलं, "छोट्या, ही माझीच गाडी ना?"

तिचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. तेवढ्यात तिला टॉवेल दिसला. दातांच्या डॉक्टरला झाकलेलं उघडून बघायची सवय. तिनं दोन बोटांनी टॉवेलचा कोपरा वर केला.

"ताई, माझ्या हातून झालं," मी म्हटलं. "गोळा खाली पडला होता, तरी वापरला. दारालाही आहे."

ताईच्या चेहऱ्यावर मला ती सायकल स्पष्ट दिसत होती.

"आत्या, दार माझं आहे," मागून लेक म्हणाली. गाडी शिकताना कठड्याला घासलं होतं, त्यावर तिनं व्हाइटनर लावला होता. तिचं बोलणं संपायच्या आत बायकोनं बंपर आपल्या नावावर घेतला. दवाखान्याच्या खांबाला लागला होता, वर पांढऱ्या नेलपॉलिशचे दोन हात दिले होते.

म्हणजे माझ्या गोळ्यानं ओरखडा एकही काढला नव्हता. त्यानं फक्त मेकअप उतरवला होता! सकाळपासून जी माझ्या कंबरेची काळजी चालली होती, ती बंपरची होती. पण खरं सांगतो, मला रागच आला नाही. माझ्यावरचं बालंट टळावं म्हणून दोघी आपण होऊन पुढे आल्या होत्या. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं.

एवढ्यात काठी टेकत अप्पा बाहेर आले. त्यांनी पुढच्या उजव्या चाकाच्या वर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "हा माझा."

आम्ही सगळ्यांनी वाकून पाहिलं. ताईनं तिरकं होऊन पाहिलं. तिथे काहीही नव्हतं.

"तीन इंच आहे," अप्पा म्हणाले. पांढऱ्यात चिमूटभर निळा, थेंबभर पिवळा, तीन हात, वरून वार्निश. माझा गोळा त्याच्यावरून दोनदा गेला होता आणि त्याला पत्ता लागला नव्हता. अप्पा गप्प बसले असते तर जन्मात कोणाला कळलं नसतं.

"पण लागलं कशाला?" मी विचारलं.

"फाटकाच्या खांबाला. गाडी मागे घेताना."

"कोण घेत होतं?"

"मी."

ताईनं बॅग खाली ठेवली. ती गेली तेव्हा अप्पांचा पाय आम्ही हातानं उचलून पलंगावर ठेवत होतो. फोनवर ते चालतो, फिरतो, असं बरंच काही सांगायचे, पण तिचा त्यावर विश्वास नव्हता.

"तुम्ही गाडी चालवलीत, अप्पा?"

"तुम्ही कोणी घरात नव्हता. फाटकापर्यंत आणि परत. ब्रेकवर पाय बसतो का, ते बघायचं होतं."

"बसला?"

"खांबाला लागल्यावर बसला."

ताई हसायला लागली, आणि हसता हसता तिचं कधी रडू झालं ते तिलाही कळलं नाही. जिथे काही दिसत नव्हतं त्या जागेवर तिनं हात ठेवला आणि तो काढेचना. "माझ्या अप्पांना तुम्ही पायावर उभं केलंत," ती म्हणाली. "मी तुमचे ओरखडे मोजू होय?" तिनं बायकोला जवळ घेतलं, लेकीला जवळ घेतलं, आणि मग माझ्याकडे वळली. "आणि छोट्या, अकरा महिने रोज चालवूनही तुझा एकही नाही. मी तुला उगाच नावं ठेवत होते रे."

सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते. अप्पासुद्धा! मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण तिच्या डोळ्यांत एवढा आनंद होता, की तो मोडणं माझ्या जिवावर आलं.

तुम्हाला म्हणून सांगतो. क्ले मी अख्ख्या गाडीला लावला, फक्त छत सोडून. अप्पांची चाकांची खुर्ची परत करायला नेताना मी ती छतावर उलटी बांधली होती, खाली चादर न घालता. त्या ओरखड्यांत टूथपेस्ट भरलेली आहे. पावसानं वाहून गेली की मी पुन्हा भरत असे. ताईची उंची जेमतेम पाच फूट आहे, त्याबद्दल मी देवाचे रोज आभार मानतो.

परवा तिचा फोन आला होता. गाडी धुताना छतावरून पांढरे ओघळ येतात आणि त्यांना पुदिन्याचा वास येतो, म्हणाली. मी म्हटलं, क्लेचा असेल.