आधी अप्पांच्या दाताखाली

मन्मथप्पांच्या फाटकावर पाटी आहे : 'येथील कुत्र्याला कोणीही काहीही खाऊ घालू नये. घालायचेच असल्यास आधी स्वतः खाऊन दाखवावे.' कुत्र्यापासून माणसांना सावध करणाऱ्या पाट्या लातुरात पुष्कळ आहेत. माणसांपासून कुत्र्याला वाचवणारी माझ्या पाहण्यात ही एकच.

हा नियम अप्पा स्वतःही पाळतात. कुत्र्याचं नाव हरभऱ्या, कारण रंग हरभऱ्याच्या डाळीचा. त्याच्या ताटलीत भात असो, ताकात कुस्करलेली भाकरी असो, पहिला घास अप्पांचा. तो घास ते खात नाहीत, तपासतात. पुढच्या दातांनी दाबायचं, डोळे मिटायचे, मान एका बाजूला कलती करायची. चाळीस वर्षं त्यांनी मार्केट यार्डात आडत चालवली. तुरीचा दाणा दाताखाली धरून ते "बारा टक्के ओल" म्हणायचे आणि ओल मोजायची मशीनही नंतर तेच म्हणायची. "मशीन खरं बोलती," अप्पा म्हणतात, "पण मागून बोलती." आणि कुठल्याही विषयावर शेवटी एकच वाक्य : "माल बगितल्याबिगर बोली न्हाई."

उन्हाळ्यात हरभऱ्याला फिरायला न्यायच्या आधी अप्पा चपला काढून डांबरी रस्त्यावर उभे राहतात. त्यांच्या तळपायांना सोसलं तर कुत्रा बाहेर, नाहीतर दोघंही आत. एकदा त्यांनी जंताची गोळी चाटून पाहिली. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई ओरडल्या, "अहो अप्पा, ती कुत्र्याची आहे!"

"मंजी कुत्र्याला काही झालं तर चालतंय व्हय?" अप्पांनी विचारलं. बाईंनी दुसरी गोळी काढून दिली. याचं उत्तर विज्ञानाकडेही नसावं.

मध्यंतरी आमचे नगरसेवक निवडून आल्याचे पेढे वाटत गल्लीतून फिरले. बरोबर दहा-बारा कार्यकर्ते आणि एक फोटोवाला. फोटोवाला समोर आला की त्यांना मुक्या प्राण्यांबद्दल कणव दाटून येते. त्यांनी वाकून हरभऱ्यापुढे पेढा धरला. अप्पांनी तो त्यांच्या बोटांतून अलगद काढून घेतला, दाताखाली धरला, मान कलती केली आणि जाहीर केलं, "खवा परवाचा हाय." सगळ्या कार्यकर्त्यांच्या तोंडात तेव्हा पेढे होते. हलणारे जबडे एकदम थांबले. विजयी मिरवणूक इतकी गप्प झालेली मी पहिल्यांदाच पाहिली.

श्रावण लागला आणि हरभऱ्या बसला. गोचीड ताप. तपासणीत रक्त फार कमी निघालं. खाणं बंद. अप्पांनी पनीर आणलं, चाखलं, पुढे ठेवलं. त्यानं हुंगून तोंड फिरवलं. डॉक्टरीणबाईंनी औषधं लिहून दिली आणि म्हणाल्या, "रोज दोन उकडलेली अंडी. वासानं तरी तो तोंड लावेल. पोटात काही गेलं तरच हा उठेल. एक दिवसही चुकवू नका."

अप्पांचं घर लिंगायत. गळ्यात इष्टलिंग, सोमवारी उपास. अंडं सोडाच, अंडं नेलेली पिशवीसुद्धा त्या घरात कधी आली नव्हती. संध्याकाळी ते आमच्या कंपाउंडच्या भिंतीशी येऊन उभे राहिले.

"सर, तुमी अंडी खाता न्हवं?"

मी कॉलेजातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण आमच्याकडे एकदा हातात खडू धरलेला माणूस मरेपर्यंत सर असतो.

"खातो."

"मग माझ्या जागी तुमी चाखायचं. तुमचे दात चांगले हायत. आनि तुमाला खोटं बोलाया जमत न्हाई."

मी हसलो. म्हटलं, "अप्पा, कोंबडीनं कवचात सीलबंद करून दिलेला माल आहे. त्याला काय चाखायचं?"

अप्पा हसले नाहीत. "आमच्या घरात चंपी व्हती, ठावं हाय तुमाला? महादेवीची, माझ्या बायकोची कुत्री. गोदामात उंदरासाठी पिठाच्या गोळ्यात औषध मीच ठेवलं व्हतं. दार लावलं का न्हाई, बगितलं न्हाई." ते भिंतीवरचा पोपडा नखानं काढत राहिले. "बायको तीन दिवस जेवली न्हाई. मला येक शब्द बोलली न्हाई. शिव्या दिल्या आसत्या तर बरं झालं आसतं. फुडल्या वर्षी तीबी गेली."

दुसऱ्या दिवसापासून मी कामावर रुजू झालो. अंडी आमच्या घरात उकडायची, मी भिंतीशी उभं राहून प्रत्येकाचा तुकडा तोडायचा. "चावा. नीट चावा, सर. गिळा आता." मग अप्पा घड्याळ लावून पंधरा मिनिटं माझ्याकडे बघत. मला काही होत नाही अशी खात्री पटली की उरलेलं अंडं हरभऱ्याला. आमची बायको म्हणाली, "चला, निवृत्तीनंतर कुणाच्या तरी उपयोगी पडलात." आठवड्याभरात हरभऱ्या मान उचलायला लागला.

मग मुखेडहून माझ्या मावसभावाच्या दुखण्याचा निरोप आला. आम्ही दोघं पहाटेच्या बसनं निघालो. अंडी उकडून, दोन्हींचा तुकडा खाऊन, पातेल्यात झाकून भिंतीवर ठेवली. बसमधून अप्पांना फोन केला.

"मी चाखलंय, अप्पा."

"मी बगितलं न्हाई," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पुन्हा केला. उचलला नाही. गल्लीत अंडी खाणारी घरं आणखी आहेत, पण अप्पांचा भरवसा त्यांतल्या एकावरही नाही. मावसभावाच्या उशाशी बसून दिवसभर माझ्या डोळ्यांपुढे ती भिंतीवरची झाकलेली अंडी होती. दिवे लागायच्या सुमारास परत आलो आणि बॅग न ठेवताच भिंतीशी गेलो.

आमचं पातेलं घासून पालथं घातलेलं होतं. अप्पा पायरीवर बसले होते. शेजारी तांब्या, पुढ्यात चूळ भरभरून झालेलं थारोळं. हरभऱ्या पायाशी. त्याची ताटली रिकामी आणि चाटून लख्ख.

मला पाहून अप्पा म्हणाले, "सर, काहीच चव न्हाई की ओ. मीठ तरी लावून खायचं. कसं खाता तुमी हे?"

जे सुचलं ते बोलायला नको होतं. "अप्पा, आज सोमवार. श्रावणातला."

"हाव." त्यांचा हात सदऱ्यावरून छातीशी गेला. "त्याला वेगळं काय सांगायचं? गळ्यातच आसतो. लई जवळून बगितलंय त्यानं."

मग त्यांनी विचारलं, "उद्या तुमी हायत न्हवं?"

"आहे."

"मग बरं."

त्यांनी पुन्हा चूळ भरायला तांब्या उचलला. आत पाणी नव्हतं. नळ चार पावलांवर होता, पण ते उठले नाहीत. हरभऱ्यानं त्यांच्या पावलावर हनुवटी टेकली होती.