पेन्शनर डबा

फोटो काढायचा तर साहेबांचा चेहरा दिसायला हवा होता, आणि प्रयोगशाळेच्या स्वच्छ खोलीत चेहरा झाकायलाच हवा होता. साहेबांनी हा पेच चुटकीसरशी सोडवला. त्यांनी मास्क काढला.

"हातमोजे तरी राहू द्या सर," बाई म्हणाल्या.

"अहो मॅडम, हातमोज्यात अंगठी दिसत नाही."

बाईंची सगळी नोकरी अतिवाहक धातूंत गेली होती. एरवी वीज धातूतून जाताना कुरकुरते आणि धातू तापतो. काही धातू मात्र भयंकर गार केले की वीज त्यांतून बिनतक्रार वाहते. नायोबियम त्यांतलाच. त्याचे पोकळ डबे करायचे, भोपळे ओळीने चिकटवल्यासारखे दिसणारे. झोक्याला नेमक्या क्षणी धक्का दिला की तो उंच जातो. तसेच या डब्यांत विजेच्या लाटा कणांना धक्के देतात आणि कण वेग घेतात. अशा यंत्राला त्वरक म्हणतात. पण डब्याच्या आत धुळीचा ठिपका राहिला, तरी तो तापतो आणि सगळं मुसळ केरात. म्हणून डबा आम्लाने धुवायचा, मग पाण्याच्या फवाऱ्याने, आणि त्याच्याजवळ श्वाससुद्धा जपून घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी नव्या डब्याची अतिथंड टाकीत उतरवून चाचणी होती. ती फसली तर विभागाला कुलूप, हे साहेबांनी जिन्यात जाता जाता सांगून टाकलं होतं.

साहेबांना ओळखून असल्यामुळे बाईंनी खरा डबा पडद्यामागे ठेवला होता. पुढे ठेवला होता 'पेन्शनर'. हा डबा कधीचा नापास झालेला. शाळेतल्या मुलांना दाखवण्यासाठी बाहेरून घासून आरशासारखा केलेला. साहेबांनी बरणीत घालावा तसा त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले.

"काय चकाकतोय. उद्या हाच लावा."

"सर, तो डबा..."

"आणि तो पडद्यामागचा मळकट?"

"तो बाहेरून तसाच असतो सर. आतून..."

"आतून कोण बघतंय? टाकून द्या तो."

साहेब गेल्यावर मिस्तरींनी विचारलं, "मॅडम, टाकीत कोणता उतरवू?"

"मळकट."

"साहेबांनी झाकण उघडायला सांगितलं तर?"

"मग त्यांना आत उतरून बघावं लागेल. आत उणे दोनशे सत्तर."

"मग बोलावू का त्यांना?" मिस्तरी गंभीरपणे म्हणाले.

चाचणी उत्तम झाली. विभाग वाचला. "डबा बघताक्षणी कळतो मला," असं साहेब महिनाभर सगळ्यांना सांगत होते. पेन्शनरला काचेचं कपाट मिळालं, एसी मिळाला, पहारेकरीसुद्धा मिळाला. एसी अर्थातच बाईंच्या खोलीतून काढलेला होता.

इथवर ठीक होतं. पण दुसऱ्या एका संस्थेचे प्रमुख म्हणाले, "आमचा नाही विश्वास बसत या डब्यावर." झालं. साहेबांनी हट्टाने पेन्शनर त्यांच्याकडे धाडला. त्यांनी तो टाकीत उतरवला, आणि पहिल्याच धक्क्याला त्याने मान टाकली.

साहेब खवळले. "डब्यात कोणीतरी उघडा हात घातलाय. चौकशी होणार. ज्याचा हात सापडेल, तो घरी."

बाईंची झोप उडाली. चौकशी म्हटलं की एक धागा ओढला जातो आणि सगळं वस्त्र उसवतं. टाकीत कोणता डबा होता, कोणाच्या हुकमाविरुद्ध होता, हे बाहेर आलं की घरी जाणार होत्या त्याच.

चौकशीच्या बैठकीला झाडून सगळे हजर होते. तपासनिसाने डब्याच्या आत कॅमेरा घातला आणि पडद्यावर चित्र मोठं केलं.

"ठसा मिळाला सर. अंगठ्याचा. बाजूला एक ओरखडाही आहे. बहुतेक अंगठीचा."

सगळे एकाच हाताकडे बघत होते. तो हात सावकाश खिशात गेला.

"या क्षेत्रात असं चालायचंच," साहेब म्हणाले. "उगाच माणसांच्या मागे लागू नये. चौकशी बंद."

आता फोटोच्या वेळी साहेब काचेबाहेर उभे राहतात, मास्क आणि हातमोजे घालून. चेहरा दिसत नाही, म्हणून खाली नाव छापावं लागतं. पेन्शनर पुन्हा शाळेतल्या मुलांपुढे आला आहे.

"आत हात घालायचा नाही हं," बाई सांगतात.

मुलं घालत नाहीत. त्यांना एकदा सांगितलं की कळतं.