महाराजांच्या महालातील मत्स्यांचे वर्तमान

श्रीवरुणदेव जळचरांचे आणि त्यांच्या राखणदारांचे रक्षण करो. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी राज्यात जे घडले ते यथास्थित लिहिले आहे.

राज्याचे धनी भवानराजे यांस अर्धांगवायू होऊन उजवे अंग गेले, वाचाही अडखळू लागली, आणि तीन मास महाराज पलंगावरून उठले नाहीत. मग राणी लाडूबाईसाहेब यांनी धन्यांचे मन रमावे म्हणोन पलंगासमोर काचेची थोर टाकी मांडविली, आणि तीत उष्ण मुलुखीचे तेरा एंजल मासे सोडविले, आणि पाणी ऊबदार राखणारी विजेची कांडी बसविली, आणि बागेचे वृद्ध दारोगे आबाजी त्रिंबक यांस राखणीस नेमिले. महाराज मासे पाहोन तीन मासांत प्रथमच हसले. ते पाहोन आबाजींचा ऊर भरोन आला. परंतु ते सुख आठ दिवसही टिकले नाही.

कारण धनी हसले हे वर्तमान नगरात पसरले, आणि जो तो सरदार समाचारास येऊ लागला, आणि जो येई तो निष्ठा दाखवावी म्हणोन टाकीत मूठभर दाणे टाकी. आबाजी हात जोडोन म्हणत, “सरकार, दिवसास चिमूटभर पुरे. उरले ते तळाशी कुजते.” सरदार म्हणत, “अहो पंत, मुकी जनावरे ती, उपाशी का मारिता?” आणि आणखी एक मूठ टाकीत. मग पाणी दुधासारखे गढूळ जाहले, आणि मासे वर येऊन तोंडे उघडझाप करू लागले, तेव्हा “पहा, खाणे मागतात!” म्हणोन राणीसाहेबांचे बंधू सुभानराव यांनी अख्खी वाटी रिती केली. सकाळी चार मासे उलटे तरंगत होते. आबाजींनी कपाळावर हात मारोन घेतला.

मग आबाजी जेवावयास गेले, तितक्या अवकाशात सुभानरावांनी “घाण पाणी सारे काढा” ऐसा हुकूम केला, आणि ऐन थंडीचे विहिरीचे गार पाणी काठोकाठ भरविले. आबाजी आचवोन येतात तो आणखी दोन गेलेले! तेव्हा साठ वर्षांची अदब क्षणात सुटली आणि ते ओरडले, “रावसाहेब, पुरे करा ही माया! वैऱ्याने केले नसते ते आपण प्रेमाने केलेत!”

सुभानराव लाल होऊन म्हणाले, “धन्यांपुढे हे बोलणे? ताईसाहेब, यांस आजच बडतर्फ करावे!” राणीसाहेबही रुष्ट होऊन काही बोलणार, इतक्यात पलंगावरून शब्द आले.

“पंत… खरे बोलतात.” महाराजांनी डावा हात उचलोन उशाच्या चौरंगाकडे दाखविले. तेथे पेज, काढा, शिरा, बदामाचे दूध, पुन्हा पेज, ऐशा सात वाट्या मांडिल्या होत्या. “आम्हांसही… हेच.”

राणीसाहेबांचे डोळे भरोन आले. “मग सांगितले का नाही आम्हांस?”

महाराज बोलिले, “तोंड… रिकामे… कधी होते?”

मग राणीसाहेबांनी स्वहस्ते सहा वाट्या उचलिल्या, आणि हुकूम जाहला की, माशांस दाणा आबाजींनीच द्यावा, आणि महाराजांस घास त्यांनी मागितल्यावरच द्यावा. आबाजींनी दोन दिवस दाणा बंद ठेविला, आणि रोज चौथाई पाणी काढोन तितकेच शिळे, कोमट पाणी घातले, आणि पाचवे दिवशी टाकी निर्मळ जाहली.

सारांश : तेरांपैकी सात मासे राहिले, आणि माघमासी महाराज काठी टेकीत चौकापर्यंत चालोन गेले. सुभानरावांनी धन्यांच्या विरंगुळ्यास आता दोन डझन पोपट मागविले आहेत, हे ऐकोन आबाजींनी काशीयात्रेस रजा मागितली आहे. येणेप्रमाणे जाहले ते लिहिले.