तुळाजीराजे यांच्या रुंद टायराची हकीकत

श्रीचक्रपाणी रक्षण करो. शके एकोणीसशे अमुक, रुंदीनाम संवत्सर, आश्विन शुद्ध नवमी, ते दिवशी धन्यांनी सेवकास बोलावून पुसिले की, आमचे घरी वडिलांची जुनी मोटारसायकल आहे, तिचा मागील टायर गेला, नवा घेणे तर किती रुंदीचा घ्यावा ते लिहून देणे. ऐशियास उत्तर एका ओळीचे आहे. परंतु एका ओळीत उत्तर देणाऱ्यास दरबारी कोणी पान वाढीत नाही, सबब एका राज्याची हकीकत विस्तारे लिहितो, ती चित्ती आणावी. राज्याचे नाव पुसू नये. तेथील लोक अद्याप लाजतात.

त्या राज्यी तुळाजीराजे गादीवर होते. थोरले महाराज कैलासवासी जाहले ते मागे गादी, मातोश्री गुणवंताबाई आणि एक काळी मोटारसायकल ठेवून गेले, आणि तिहींपैकी मोटारसायकलच काय ती राजांचे ऐकत असे. राज्याचा कायदा ऐसा की, दसऱ्याचे दिवशी राजाने त्याच गाडीवर स्वार होऊन, पाय न टेकता, कोणी न ढकलता, सीमेचा दगड ओलांडावा आणि सूर्य मावळण्याआधी गाडीवरूनच माघारी यावे; न आल्यास गादी गेली. थोरले महाराज दर साली जात आणि येत, आणि येताना मातोश्रींकरिता पलीकडील बाजारातून गरम जिलबी आणीत. त्यांच्या मागील टायराची रुंदी सव्वातीन इंच. टायराच्या अंगावर तो आकडा उमटलेला होता आणि राज्यात वाचता येणारेही पुष्कळ होते. मग त्या टायरास चिरा पडल्या आणि बदलणे प्राप्त जाहले. त्याच सुमारास चुलतबंधू सिदोजी यांनी नवीकोरी मोटारसायकल आणिली, तिचा मागील टायर कोहळ्यासारखा, आणि ते चौकातून गेले म्हणजे लोक सिदोजींकडे न पाहता टायराकडे पाहत, आणि राजे सज्जात उभे राहून लोकांकडे पाहत. राजांस अन्न गोड लागेना. मग कारभारी नागोजीपंत यांस बोलावणे गेले. नागोजीपंत म्हणजे राजांच्या मनातले राजांच्या आधी ओळखणारे आणि गाडीखाली कधी न वाकलेले गृहस्थ. ते बोलिले, “महाराज, रुंदी म्हणजे अब्रू. सिदोजींचा पाच इंची आहे, आपण साडेपाच घालावा.” मातोश्री पानास चुना लावीत बसल्या होत्या, त्या बोलिल्या, “तुळा, गाडी तीच, रिम तीच, मग टायर दुसरा कशाला? सिदोजीची गाडी रुंद टायरासाठीच घडवलेली आहे. तुझ्या गाडीत टायराच्या दोन्ही अंगांना बोटभर जागा आहे, ती आधी बघ.” राजे बोलिले, “आईसाहेब, आपणांस यातले काय कळते?” त्या बोलिल्या, “जन्मभर त्याच गाडीवर मागे बसले आहे रे.” दरबारात हशा पिकला आणि टायर साडेपाच इंची आला.

तो चढविला तेव्हा अरुंद रिमेने त्याच्या दोन्ही कडा आवळून धरिल्या आणि टायर कांद्यासारखा फुगोन मध्येच तेवढा जमिनीस टेकू लागला. म्हणजे जी रुंदी मोठ्या हौसेने आणिली ती हवेत राहिली आणि भुईस पूर्वीइतकेही रबर लागेना. शिवाय डावे अंगी साखळी घासे आणि उजवे अंगी चाक धरणारा लोखंडी दांडा घासे. मग पंतांनी साखळीचे झाकण फितूर ठरवून कापविले, आणि मडगार्ड फितूर ठरवून कापविले, आणि टायरास जे घासेल ते राजद्रोही ऐसे फर्मान काढिले. तरी घासणे राहिलेच. जळक्या रबराचा धूर आला तो पंतांनी धूप म्हणून सांगितला, आणि दरबाराने नाक दाबून हात जोडिले. गाडी वळवावी तर वळेना, लुगडी धुणाऱ्या बायांच्या घोळक्यात सरळ शिरे. त्याचे नाव राजमार्ग ठेविले.

दसरा आला. वाजंत्री लागली आणि राजे निघाले, आणि दगड एक शेत दूर राहिला असता टायर दांड्यात रुतून गाडी जागीच उभी राहिली. पाय टेकवावा तर गादी जाते. राजे दोन्ही पाय वर धरून डोलू लागले, दोघे मानकरी दोहों बाजूंनी नुसते टेकू देऊन उभे राहिले, आणि सिदोजी जवळच उभे राहून मुद्दाम पश्चिमेकडे पाहू लागले. राजांचे डोळ्यांत पाणी आले, हे सेवकाने स्वतः पाहिले, आणि त्या समयी कीव आली हेही लिहितो. मग नागोजीपंतांनी कानात सांगितले आणि प्यादे धावले आणि सीमेचा दगड उपटून आणून गाडीच्या मागे पुरिला. सीमोल्लंघन जाहले. मग गाडी तशीच मागे रेटून घेतली, त्यास ढकलणे न म्हणता माघारी येणे म्हटले, आणि सोने लुटले, तोफा जाहल्या. त्या एका शेतासंगती एक वाडी पलीकडे गेली. तेथील एक बाई विहिरीवर पाण्यास गेली होती, ती घागर भरून परतली तो परमुलखात. सिदोजींचा वाडाही तिकडेच गेला, आणि ते शेजारच्या राजाचे सरदार जाहले, आणि सुखी जाहले.

शेजारचा राजा बहुत समजूतदार. घोडा नाही, तलवार नाही, वाडी मिळाली, म्हणोन त्याने तुळाजीराजांस नजराणा धाडिला. उघडून पाहतात तो टायर, सहा इंची. पंत बोलिले, “महाराज, गेल्या साली रुंदी कमी पडली म्हणोनच अडले.” मातोश्री बोलिल्या, “शेजाऱ्याने टायर का धाडला, हे कोणी विचारले का?” कोणी विचारिले नाही. सहा इंची चढविला आणि पुढील दसऱ्यास गाडी अधिक अलीकडे अडली, आणि दगड अधिक अलीकडे आला. आणि नजराणा आला. आणि दगड आला. ऐसे होता होता माळ गेला, तळे गेले, बाजार गेला, आणि लोकांनी तक्रार म्हणावी तर केली नाही, कारण राजांमागे इकडे रुंदच टायर विकू लागले होते, पलीकडे मात्र त्यांच्या जुन्या मोटारसायकलींस जुन्या मापाचे टायर मिळत आणि त्या वळत.

शेवटच्या दसऱ्यास दगड वाड्याच्या दिंडीदरवाजात होता. राजांनी किक मारिली, गाडी घासत, धुरकटत उंबऱ्यावरून गेली आणि सीमोल्लंघन एका दमात जाहले. आनंद मोठा जाहला. मग माघारी फिरावयाचे तर हँडल वळे आणि गाडी वळेना, आणि मागे रेटावी तर आता मानकरी उरले नव्हते, नागोजीपंत तर सकाळीच शेजारी चाकरीस गेले होते. परमुलखातला एक चौकीदार दगडापाशी बिडी ओढीत बसला होता, तो अदबीने उठला आणि बोलिला, “महाराज, टायर लई देखणा आहे. ढकलू का?” राजे बोलिले, “कायद्यात बसत नाही.” मातोश्री उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. हातात जुन्या मापाचा नवा टायर होता, सव्वातीन इंची, पलीकडच्या बाजारातून त्यांनी स्वतः आणविलेला. त्या बोलिल्या, “तुळा, अजून ऊन आहे. खाली उतर, हा घाल आणि घरी ये. गादी गेली तर गेली, आपण दोघे जिलबी खाऊ.” राजांनी टायराकडे पाहिले, आईकडे पाहिले, आणि मग चौकीदारास हळूच पुसिले, “लोक पाहताहेत का?” चौकीदार बोलिला, “पाहताहेत की.” तेव्हा राजे ताठ बसले आणि पाय आणखी वर धरिले. सूर्य मावळला. मातोश्रींनी बराच वेळ वाट पाहिली आणि दिंडी लोटून घेतली.

तात्पर्य धन्यांनी घ्यावे ते इतुकेच की, जुन्या टायराच्या अंगावर जो आकडा आहे तो वाचावा आणि तोच घ्यावा. त्याहून रुंद घालणेच असेल तर आधी आपल्या सीमेचा दगड कोठे आहे तो पाहून यावा, आणि आई घरी आहे तोवर तिला विचारावे. लेखनसीमा.