मधली सीट

देशमुखकाकांच्या गाडीत अस्थींना सीटबेल्ट लावतात. जिवंत माणसानं नाही लावला तर काका एक वेळ कानाडोळा करत, पण अस्थिकलश पुढच्या सीटवर मधोमध बसवून पट्टा आवळल्याशिवाय गाडी जागची हलत नसे. एकदा कुणाच्या मुलानं वडिलांचा कलश सहज डिकीत ठेवला, तर काकांनी त्याला भर ड्राइव्हवेत झापलं. "बापाले डिकीत टाकतं का कोणी? पुढे आण त्यांना."

आधी गाडीबद्दल सांगते. सत्तरच्या दशकातली, मरून रंगाची, वर पांढरं व्हिनाइलचं टोपडं, आणि लांबी इतकी की नाक आमच्या गल्लीच्या वळणावर पोचलं तरी शेपूट काकांच्या दारातच. कंपनीचं नाव ते सांगत नसत. "राजाले आडनाव लागत नाही," म्हणत. पुढे दोन सुट्या खुर्च्या नव्हत्या, एक सलग सोफा होता, तिघं ऐसपैस बसतील असा. आजकालच्या गाड्यांवर त्यांचा राग होता. "त्यात माणूस बसत नाही बाप्पा, पॅक होते." माझ्या इलेक्ट्रिक गाडीला ते मिक्सर म्हणत. प्लगला लावावी लागते म्हणून.

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या आमच्या घरांची गॅरेजं काही अशा गाडीसाठी बांधलेली नाहीत. तिचं नाक आत मावावं म्हणून काकांनी वॉशिंग मशीन गॅरेजमधून उचलून स्वयंपाकघरात आणलं होतं. सुमनकाकूंनी उरलेला सगळा संसार त्या धडधडाटात पोळ्या लाटत केला. "गाडीला खोली आहे, मी कुठे जाऊ?" असं त्या आल्यागेल्याला विचारत, आणि रविवारी नटून त्याच गाडीत मधल्या सीटवर, काकांना खेटून बसत. खिडकीची जागा रिकामी असली तरी मधेच. आम्ही मागे चेष्टा करायचो.

काका अकोल्याचे, तेल कंपनीत इंजिनीअर. तरुणपणी ही गाडी घेतली आणि ह्यूस्टनला येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला एअरपोर्टवरून आणायचा विडाच उचलला. ओळख असो, नसो. आठ बॅगा, दोन मुलं, लोणच्याच्या बरण्या, सगळं त्या डिकीत जाई. मीही तशीच आले. नवऱ्याला ऑफिसमधून सुटता आलं नाही, म्हणून समोरचे काका आले. उन्हाच्या झळा येत होत्या, आणि पुण्याचं घर सुटल्याचं रडू मला गाडीत बसल्यावर फुटलं. काकांनी आरशातून एकदा पाहिलं आणि म्हणाले, "आलंच घर." तेव्हा आम्ही पार्किंगच्या बाहेरही पडलो नव्हतो. पुढे तासभर, दर एक्झिटला, "आलंच घर." प्रत्येकाला त्यांनी हेच सांगितलेलं आहे. कुणाचंही घर कधी इतक्या लवकर आलेलं नाही.

मग वर्षं गेली आणि ती आणलेली माणसं एकेक करून जायला लागली. ज्याच्या घरी कुणी जाई तो काकांना फोन करी. "ज्याले मी आणलं त्याले मीच पोचवीन," हा काकांचा हिशेब. पोचवायचं कुठे, तर पूल ओलांडून गॅल्व्हस्टनच्या बेटावर, समुद्रात. जाताना गाडीत खाणं नाही, फोन नाही. येताना मात्र हायवेवरच्या टॅकोच्या दुकानात थांबायचंच. विधवा असो, पोरका मुलगा असो, काका समोर बसून खायला लावत. उपाशी घरी जायचं नाही.

मग सुमनकाकू गेल्या. त्यानंतर कुणाचा फोन आला की काका सांगत, "कार्ब्युरेटर गेला. पार्ट मिळत नाही." लोकांना खरं वाटलं. एवढी म्हातारी गाडी, बिघडणारच.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचं गॅरेज दिसतं. रोज संध्याकाळी दार वर जाई, आत पंखा लागे, आणि काका स्टिअरिंगमागे बसून राहत. इंजिन बंद. मी नवऱ्याला म्हटलं, काकांचं काही खरं नाही. एक दिवस आमटीचा डबा घेऊन गेले आणि गाडीत डोकावले. मधल्या सीटवर तांबडं फडकं बांधलेला कलश होता. भोवती काकूंची मोरपंखी शाल, शालीवरून पट्टा.

"अस्थी घरात नेत नाहीत ना," काका म्हणाले, सोसायटीचा पार्किंगचा नियम समजावून सांगावा तसे. "म्हणून इथे."

तिथे त्या पाच वर्षं होत्या. मी विचारलं की कारण तयार असे. हरिकेनचे दिवस आहेत. बीचवर स्प्रिंग ब्रेकच्या सुट्टीतली पोट्टी दारू पिऊन राहिली आहेत. पाणी गढूळ आहे. एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, अख्ख्या गावाला पोचवलंत, आणि काकूंना असं गॅरेजात?"

"दुसऱ्याची बायको पोचवणं सोपं असते," ते म्हणाले. मी डबा ठेवून परत आले.

या उन्हाळ्यात लायसन्सच्या ऑफिसात काकांच्या डोळ्यांची तपासणी झाली. अक्षरं बारीक छापली आहेत म्हणून ते तिथल्या बाईशी भांडले, पण लायसन्स गेलं. दूर चँडलरला राहणारा त्यांचा मुलगा आला आणि गाडी जुन्या गाड्या जमवणाऱ्या एका माणसाला विकून टाकली. सोमवारी ट्रक येणार होता. शनिवारी सकाळी काका आमच्या दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, हनुवटीवर कापलेलं.

"मिक्सर चार्ज होऊन राहिला असेल तर होऊ दे. माझी गाडी चालवशील?"

कार्ब्युरेटर उत्तम होता. मला मात्र घाम फुटला. समोर टेबल टेनिसचं टेबल घेऊन निघाल्यासारखं ते बॉनेट. पिकअपवाले बाजूनं जाताना अंगठा वर करून दाद देत होते, एका मुलीनं फोटो काढला. मधे सुमनकाकू, आणि पहिल्यांदाच खिडकीला काका. दिसत काही नव्हतं, तरी सूचना चालू. "डावीकडे ट्रक आहे, सांभाळ." डावीकडे दंतवैद्याची जाहिरात होती.

बीचवर त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. मी कोपर धरलं. पाण्यात उभं राहून फडकं सोडलं, आणि मग काही करेनात. लाटा येत होत्या, जात होत्या. शेवटी मी हळूच म्हटलं, "काका."

"थांब जरा. तिले थंड पाणी चालत नाही."

टेक्ससचा ऑगस्ट, पाणी कोमट होतं. मी म्हटलं, "हात घालून बघा." त्यांनी वाकून पाहिलं, लहान मुलाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं. मान हलवली आणि कलश कलता केला. मी दुसरीकडे बघत राहिले, कारण मला ते बघवेना.

परत निघताना टॅकोचं विचारलं तर म्हणाले, "थांबू नको आज." मोरपंखी शाल घडी करून मधे ठेवली होती. तिला पट्टा लावला होता.

थोड्या वेळानं म्हणाले, "सोमवारी ही जाईल."

"हो."

"म्हणजे मला तुझ्या मिक्सरमध्येच जावं लागेल."

मुलगा चँडलरला, आणि त्यांनी आणलेल्या माणसांतलं आता जवळ कोण उरलं होतं? मी.

"डिकीत नको टाकजो."

"पुढे बसवीन, काका. बेल्ट लावून."

त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसतच होते. मी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"आलंच घर, काका," मी म्हटलं.

गॅल्व्हस्टनचा पूलसुद्धा अजून यायचा होता.